पार्किन्सन आणि नवरा-बायको

(कंधार येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९३४ साली मुंबईत एका मासिकाच्या संपादकावर अश्लीलतेचा खटला चालला. संपादक होते रघुनाथ धोंडो कर्वे आणि मासिक होतं 'समाजस्वास्थ्य'. गुन्हा काय, तर वाचकांनी आपल्या कामजीवनाविषयी पत्रातून प्रश्न विचारले आणि संपादकांनी त्यांची सरळ उत्तरं छापली. कर्व्यांचे वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे खटला हरले, दंड झाला, तरी मासिक १९५३ पर्यंत, कर्व्यांच्या अखेरपर्यंत निघत राहिलं. आपल्या मराठवाड्याचे नाटककार अजित दळवी यांनी या साऱ्यावर नाटक लिहिलं आणि अतुल पेठे यांनी ते रंगमंचावर आणलं. इथल्या काहींनी ते पाहिलंही असेल.

आज असा प्रश्न विचारला म्हणून कुणाला कोर्टात जावं लागत नाही. तरीही कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनचा रुग्ण आणि त्याची बायको कंधारहून नांदेडला येतात, दवाखान्यांच्या डॉक्टर लेनमध्ये दोन-तीन तास बसतात, नंबर लागला की हात दाखवतात, चालून दाखवतात, झोपेचं सांगतात, शौचाचं सांगतात आणि मनातला प्रश्न मनातच घेऊन संध्याकाळच्या एसटीने परततात. डॉक्टरही विचारत नाहीत. बाहेर रांग मोठी असते, आणि साठी ओलांडलेल्या जोडप्याला हे काय विचारायचं, असंही वाटतं. ही दुहेरी गप्प बसण्याची सवय मोडावी म्हणून मी हा विषय निवडला. माझं म्हणणं एवढंच आहे: पार्किन्सनमध्ये नवरा-बायकोच्या जवळिकीत जे बिघडतं, त्यातलं बरंचसं त्या आजाराने किंवा त्याच्या गोळ्यांनी बिघडलेलं असतं. म्हणून ते डॉक्टरांपुढे मांडण्यासारखं आहे, आणि बऱ्याचदा त्यावर इलाजही आहे.

आधी आजाराविषयी थोडं. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या विकाराचं वर्णन एका छोट्या पुस्तकात केलं. आपल्याकडे आयुर्वेदात 'कंपवात' हे नाव होतंच. मेंदूच्या तळाशी काळसर रंगाच्या पेशींचा एक पट्टा असतो. त्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. त्या हळूहळू मरू लागल्या की हालचाल मंदावते, अंग ताठरतं, हात थरथरतो, पाऊल आखूड पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा विकार होता. आपल्या राज्यातली एक जुनी पाहणी प्रसिद्ध आहे. मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४,०१० माणसं तपासली, त्यांत पार्किन्सनचे ४६ रुग्ण निघाले. ती १९८८ साली छापून आली. लाखामागे ३२८ हे प्रमाण. पारशी समाजात वयस्कर माणसं जास्त, म्हणून आकडा मोठा. पण खेड्यापाड्यांतही माणसं आता जास्त जगतात, तेव्हा हा विकार आपल्याही दारी वाढत जाणार.

लोकांना वाटतं, हा हात कापण्याचा आजार. खरं तर हात कापणं हा त्याचा फक्त डोळ्यांना दिसणारा भाग. आपल्या मर्जीविना चालणारी जी कामं आहेत, घाम येणं, आतडी हलणं, लघवी अडवणं-सोडणं, उठल्यावर रक्तदाब सांभाळणं, ती चालवणाऱ्या मज्जातंतूंनाही हा आजार धरतो. पुरुषाच्या इंद्रियात रक्त भरून ताठरता येते आणि स्त्रीच्या योनीमार्गाला ओलावा येतो, तो याच मज्जातंतूंच्या हुकमाने. शिवाय इच्छा नावाची जी गोष्ट आहे, तिच्यामागेही डोपामिनचा मोठा हात असतो. म्हणजे हा आजार इच्छा, शरीर आणि हालचाल या तिन्हींवर एकाच वेळी घाव घालतो.

इस्रायलमध्ये पार्किन्सनच्या ७५ स्त्री-पुरुषांना याबद्दल स्पष्ट विचारलं गेलं. तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. दहातल्या जवळजवळ सात पुरुषांना ताठरतेची अडचण होती. दहातल्या चौघांचं वीर्य लवकर पडत होतं आणि जवळजवळ तितक्यांनाच कामपूर्ती गाठता येत नव्हती. स्त्रियांचे आकडे त्याहून बोलके आहेत: दहातल्या जवळजवळ नऊ जणींना उत्तेजना येणं अवघड झालं होतं, साडेसात जणींना कामपूर्ती लाभत नव्हती, जवळजवळ निम्म्याजणींची इच्छाच ओसरली होती. पुरुष निदान मेडिकलवाल्याच्या कानात काहीतरी कुजबुजतो. बाई कुणाजवळ बोलणार? पाळी गेली, कोरडेपणा आला, दुखतं, त्यात शिंकलं-खोकललं तरी लघवीचा थेंब पडेल ही धास्ती. ती 'आता आपलं वय झालं' म्हणते आणि आजार वयाच्या नावावर खपून जातो.

आता घरात काय घडतं ते पाहू. पार्किन्सनमध्ये चेहऱ्याचे स्नायू आखडतात. हसू उमटत नाही, पापण्या कमी लवतात, आवाज बसतो. मनात माया असते, पण चेहरा ती दाखवत नाही. बायकोला वाटतं, मालक रागावलेत, आपल्याला कंटाळलेत. तिकडे त्याला बिछान्यात कूस वळता येत नाही, तोंडातून लाळ गळते, अंगाला घाम सुटतो, म्हणून तो स्वतःच लांब सरकतो. दिवसभर ती त्याला भरवते, आंघोळ घालते, धोतर-पायजमा बदलते. सेवा करता करता दोघांमधलं नातं आई-लेकराचं होऊन बसतं, आणि रात्री त्यातून बाहेर यायला दोघांनाही वाट सापडत नाही. त्यात उदासी आली तर इच्छा आणखी मरते. पार्किन्सनमध्ये उदासी फार वेळा येते आणि तीही मेंदूतल्या याच बिघाडाची देणगी असते.

झोपेचंही एक निराळं प्रकरण आहे. आपण स्वप्न पाहतो तेव्हा मेंदू अंग ढिलं ठेवतो. या रुग्णांत तो लगाम सुटतो. माणूस स्वप्नात भांडतो आणि खरोखर लाथ मारतो, ओरडतो, बाजेवरून खाली पडतो. हातपाय कापू लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी हे सुरू झालेलं असू शकतं. शेजारी झोपलेली बायको मार खाते आणि एक दिवस नातवंडांजवळ अंथरूण टाकते. तसंही आपल्याकडे सून घरात आली की आतली खोली तिच्याकडे जाते, म्हातारा ओसरीवर आणि म्हातारी स्वयंपाकघरात. भांडण नसतं, ठरवलेलंही नसतं. पण दोघांचा स्पर्श त्या दिवशी संपतो, आणि चाळीस वर्षांच्या संसारानंतर एकमेकांच्या हातावर हात ठेवणंही चोरीचं होतं.

इथपर्यंत मी 'कमी होण्या'बद्दल बोललो. आता 'जास्त होण्या'बद्दल बोलतो, कारण घरं त्याने अधिक मोडतात.

डोपामिन कमी पडलं की ते बाहेरून द्यावं लागतं. लेव्होडोपा हे औषध १९६० च्या दशकात वापरात आलं आणि आजही तेच मुख्य आहे. तुमच्या घरातली सिंडोपाची गोळी ती हीच. दुसरा गट प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशा औषधांचा. ती मेंदूला डोपामिन असल्याचा भास देतात. या औषधांनी हजारो माणसं पुन्हा उभी राहिली, हे आधी सांगतो. पण बारूळच्या मानार धरणाच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना ठाऊक आहे: टोकाच्या शेताला पाणी पोचावं म्हणून जास्त सोडलं की मधल्या शेतात तुंबतं. मेंदूत तसंच होतं. हालचाल चालवणारा भाग कोरडा पडलेला असतो, पण सुख आणि ओढ यांचा भाग अजून बराच शाबूत असतो. हातपाय हलावेत म्हणून दिलेली मात्रा तिथे जास्त होते. मग काहींना जुगाराचा नाद लागतो, काही खरेदी करत सुटतात, काही खात राहतात, आणि काहींची कामेच्छा आवरत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांची मोठी पाहणी २०१० साली छापून आली. तीत सुमारे १४ टक्के रुग्णांना यांपैकी एक तरी नाद आढळला, आणि ३.५ टक्क्यांना कामेच्छेचा. प्रामिपेक्सोलसारखी औषधं घेणाऱ्यांत हे प्रमाण १७ टक्के होतं, न घेणाऱ्यांत ७.

टक्के लहान वाटतात. पण ज्या घरात हे घडतं तिथे काय होतं? आयुष्यभर मान खाली घालून जगलेला सत्तरीचा माणूस रात्री-अपरात्री बायकोला उठवतो, मोबाइलवर नको ते पाहतो, घरी येणाऱ्या बाईला नको ते बोलतो. मुलगा बापाशी बोलणं टाकतो. सून माहेरी जाते. कुणी देवऋषीकडे नेतं, कुणी म्हणतं म्हातारचळ. आणि कुणालाही सुचत नाही की तीन महिन्यांपूर्वी एक नवी गोळी वाढवली होती. डॉक्टरांना वेळेवर सांगितलं तर ते ती गोळी हळूहळू कमी करतात, बदलतात, आणि बहुतेकांत हा नाद ओसरतो. मात्र गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. अचानक बंद केल्याने अंग लाकडासारखं ताठून तीव्र ताप येऊ शकतो, जीवही जाऊ शकतो.

याचाच भाऊबंद आहे संशय. आजार जुना झाला, औषधं वाढली की काहींना भास होतात, आणि काहींच्या डोक्यात पक्कं बसतं की बायकोचं बाहेर लफडं आहे. ती पासष्टीची, गुडघे धरून चालणारी. किराणा आणायला गेली तरी तो वेळ मोजतो, शेजाऱ्याशी बोलली की आरडाओरडा करतो. त्या बाईचा अपमान कुणाला दिसत नाही. ती शपथा घेते, देवापुढे हात ठेवते. या संशयाला पुराव्याने उत्तर देता येत नाही. त्याला मात्रा बदलून आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञांच्या औषधाने उत्तर द्यावं लागतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. नवऱ्याची वागणूक आजाराने आली हे समजलं, म्हणून ती सोसणं हे बायकोचं कर्तव्य ठरत नाही. तिची इच्छा नसताना जबरदस्ती होत असेल तर ती जबरदस्तीच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायद्यात लैंगिक छळाचा स्पष्ट उल्लेख आहे. कारण कळल्याने राग कमी होईल, इलाज लवकर होईल. पण तोवर तिची झोपण्याची जागा वेगळी करणं, रात्री घरातल्या कुणीतरी जागं राहणं, ही घराची जबाबदारी आहे.

आता आपल्या मातीतल्या एका वेलीची गोष्ट. कुहिली, खाजकुहिली सगळ्यांना माहीत आहे. शेंगेची लव अंगाला लागली की माणूस खाजवून बेजार होतो. हिच्या बियांना बाजारात कौंचबीज म्हणतात, संस्कृतात आत्मगुप्ता किंवा कपिकच्छू. चरकसंहितेत वाजीकरणाच्या योगांत, म्हणजे पौरुष वाढवणाऱ्या औषधांत ती येते, आणि वैद्य ती कंपवातातही देत आले. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी या बियांतून लेव्होडोपा वेगळा काढला. म्हणजे वैद्याची बी आणि सिंडोपाची गोळी यांत एकच रसायन. याचा अभिमान जरूर बाळगा, पण त्यातला धोकाही ओळखा. माळेगावच्या यात्रेत खंडोबाचं दर्शन, घोड्यांचा बाजार आणि लावणी आटोपली की जडीबुटीवाल्याच्या पालापाशी मर्दानगीचं चूर्ण घेणारे असतात. कुणी ते ताठरता येत नाही म्हणून बापासाठी आणतं. आधीच दिवसाला चार-पाच वेळा लेव्होडोपा घेणाऱ्या रुग्णाने वर कुहिलीचं चूर्ण खाल्लं की मात्रा कुणाच्याच हिशोबात राहत नाही: अंग वेडंवाकडं हलू लागतं, भास होतात, उभं राहताच चक्कर येते. शिवाय अशा 'शुद्ध आयुर्वेदिक' चूर्णांत सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध मिसळल्याचं अनेक देशांच्या औषध तपासण्यांत सापडलं आहे. म्हणून आयुर्वेदाचा इलाज घ्यायचा तर शिकलेल्या वैद्याकडून घ्या, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा.

दुसरा धोका मेडिकलच्या दुकानातला. चक्कर येते म्हणून सिनारिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन, पित्तासाठी लेव्होसल्पिराइड मिसळलेल्या गोळ्या आपल्याकडे महिनोन्‌महिने खाल्ल्या जातात. ही औषधं मेंदूत डोपामिनची वाट अडवतात. त्यांनी पार्किन्सनसारखाच आजार उभा राहतो. लेव्होसल्पिराइड तर प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरकही वाढवतं, त्याने इच्छा आणि ताठरता दोन्ही जातात. अशा माणसाचा खरा इलाज ती गोळी थांबवणं हा असतो. बरेचजण काही आठवड्या-महिन्यांत पूर्वपदावर येतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. उदासीवरच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही कामजीवनावर परिणाम होतो. मधुमेह आणि तंबाखू तर ताठरतेचे जुने वैरी आहेत.

इलाज काय? पहिला इलाज वेळेचा. पार्किन्सनमध्ये गोळीचा अंमल असतो तोवर अंग मोकळं असतं. जवळीक रात्रीच व्हावी असा काही शिरस्ता नाही. सकाळची गोळी लागू पडल्यावर, अंग हलकं असताना दोघांनी वेळ काढावा. लेव्होडोपा जेवणाआधी अर्धा तास घ्यावा, कारण डाळ, दूध, मांस यांतली प्रथिनं त्याचं शोषण रोखतात. आधी लघवी करून यावं. गुळगुळीत चादर असली की कूस बदलणं सोपं जातं. एका कुशीवर झोपून जवळ येणं दोघांनाही कमी कष्टाचं. स्त्रीच्या कोरडेपणासाठी पाण्याच्या आधाराचं वंगण मेडिकलमध्ये मिळतं, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलमही देऊ शकतात. ताठरतेसाठी सिल्डेनाफिल पार्किन्सनच्या रुग्णांत उपयोगी पडतं. पण छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने ते कधीही घ्यायचं नाही. रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. उभं राहताच ज्यांचा रक्तदाब उतरतो त्यांनीही डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यावं. झोपेतल्या लाथांवर औषध आहे, उदासीवर आहे.

आणि जवळीक म्हणजे संभोगच असंही नाही. पाठीला तेल लावणं, केस विंचरणं, शेजारी पडून जुन्या गोष्टी काढणं, यानेही माणूस माणसाशी जोडलेला राहतो. कुणाचा जोडीदार गेलेला असतो. त्या एकट्या माणसाने स्वतःच्या हाताने समाधान मिळवलं तर त्यात पाप नाही आणि अशक्तपणाही येत नाही. कर्व्यांनी हे कितीतरी आधी छापलं होतं.

महाराष्ट्रात या कामाचा पाया घातलेला आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला. डॉ. विठ्ठल प्रभूंच्या पुस्तकांनी मराठी घरांना या विषयाची भाषा दिली. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. मुंबईत डॉ. भीम सिंघल यांनी २००१ साली सुरू केलेली पार्किन्सनच्या रुग्णांची संस्था आहे. तिथे रुग्ण आणि काळजी घेणारे एकत्र बसतात, बोलतात. नांदेड-लातूरला असं मंडळ दर महिन्याला बसलं पाहिजे, आणि बायकांची बैठक वेगळी भरली पाहिजे, कारण नवऱ्यासमोर त्या बोलणार नाहीत.  नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पार्किन्सनच्या रुग्णाला मेंदू, मन, मूत्रमार्ग आणि स्त्रीरोग या विषयांच्या डॉक्टरांकडे एकाच दिवशी दाखवता येईल अशी सोय मागणं अवाजवी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचं नाव आहे. त्याचं प्रमाणपत्र मिळतं, ते काढून घ्या.

घरातल्या तरुणांना एक विनंती. आई-वडिलांना एक खोली द्या. तिला आतून कडी नको, कारण रुग्ण पडला तर दार तोडावं लागेल. पण दार लोटलेलं असलं की हाक मारल्याशिवाय आत जायचं नाही, एवढा नियम नातवंडांनाही शिकवा.

आणि रुग्ण व त्यांच्या बायका-नवऱ्यांना सांगणं असं: पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून न्या. इच्छा कमी झाली की वाढली, कधीपासून? त्या सुमारास कोणती गोळी सुरू झाली किंवा वाढली? शरीराची अडचण नेमकी काय? घरात संशय, जबरदस्ती किंवा भास आहेत का? तोंडाने बोलवत नसेल तर ती चिठ्ठी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. डॉक्टरांनी ती न वाचता बाजूला सारली, तर दुसरा डॉक्टर शोधा. तो तुमचा हक्क आहे.